ऋण सोडणे आणि स्मरण ठेवणे : मराठी ख्रिस्ती परंपरेतील क्षमेचा अर्थ

१. प्रश्नाचे स्वरूप

क्षमेची थोरवी सर्वच धर्मांनी गायिली आहे. परंतु ख्रिस्ती धर्मात तिला जे स्थान मिळाले आहे, त्यामुळे एक वेगळीच अडचण उत्पन्न होते. प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याने नित्य म्हणावयाच्या प्रभूच्या प्रार्थनेत, देवापाशी केलेली क्षमेची याचना आणि इतरांना आपण क्षमा केल्याची ग्वाही ही दोन्ही एकाच वाक्यात गुंफलेली आहेत. त्याच धर्माच्या उपासनेचा मध्यबिंदू मात्र प्रभुभोजन हा आहे. आणि प्रभुभोजन म्हणजे एका निरपराध मनुष्याला अन्यायाने दिल्या गेलेल्या मृत्यूचे स्मरण. ज्याने क्षमा करावयाची त्यानेच अन्यायाचे स्मरणही राखावयाचे, अशी ही दुहेरी आज्ञा आहे.

व्यवहारातील मराठीत क्षमा आणि विस्मरण या गोष्टी जवळजवळ समानार्थी मानल्या जातात. भांडण मिटविताना वडीलधारी माणसे ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगतात, आणि तसे करणाऱ्याने मोठ्या मनाने क्षमा केली असे आपण म्हणतो. क्षमेचा अर्थ एवढाच असेल, तर ख्रिस्ती मनुष्याला जे रोज विसरावयास सांगितले जाते तेच उपासनेत आठवावयास सांगितले जाते, असे म्हणण्याची पाळी येईल.

हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. ‘विसरून जा’ हा उपदेश बहुधा ज्याचे सोसून झाले आहे त्यालाच केला जातो. ज्याने सोसावयास लावले त्याला तो क्वचितच करावा लागतो. टाकलेली बायको, छळ सोसलेली सून, गावकुसाबाहेर ठेवलेला मनुष्य यांच्या बाबतीत क्षमेचा उपदेश हा पुष्कळदा गप्प बसण्याचा उपदेश ठरतो. म्हणून क्षमा आणि स्मरण यांचा संबंध नेमका कोणता, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात प्रथम मराठी ख्रिस्ती भाषाव्यवहारातील शब्दांचा, आणि नंतर त्या शब्दांना आयुष्यात कोणता अर्थ प्राप्त झाला याचा विचार केला आहे. दुसऱ्या भागासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले कवी नारायण वामन टिळक व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे चरित्र हे मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे.

२. क्षमा, माफी आणि सोडणे

दुसऱ्याच्या अपराधाविषयी बोलताना मराठीत प्रामुख्याने तीन शब्द वापरले जातात, आणि तिन्हींच्या मुळाशी निरनिराळी चित्रे आहेत.

‘क्षमा’ हा शब्द संस्कृत ‘क्षम्’ या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ सहन करणे, सोसणे असा आहे. संस्कृतात क्षमा हे पृथ्वीचेही नाव आहे, कारण ती सर्वांचा भार निमूटपणे वाहते. या शब्दात बळ आहे, पण ते सोसणाऱ्याचे बळ आहे. झालेल्या गोष्टीचा हिशेब काय झाला, याविषयी हा शब्द काहीच सांगत नाही.

‘माफ’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याच्या मूळ अरबी धातूत पुसून टाकणे, नाहीसे करणे हा अर्थ आहे. मराठीत तो दरबारी व महसुली व्यवहारातून रुळला. सारा माफ होतो, दंड माफ होतो, शिक्षा माफ होते. माफी देणारा वरच्या पायरीवर असतो आणि मागणारा खालच्या. नोंद पुसली गेली की प्रकरण संपले, असा या शब्दाचा रोख आहे.

तिसरा शब्द ‘सोडणे’ हा होय. तो साधा, घरगुती आणि अनेकार्थी आहे. गाठ सोडतात, उपास सोडतात, हक्क सोडतात. ‘पाणी सोडणे’ या वाक्प्रचाराचे मूळ दानविधीत आहे. दान देताना हातावरून पाणी सोडले की त्या वस्तूवरील आपला हक्क संपतो. वस्तू नाहीशी होत नाही, तिचे मोलही कमी होत नाही. केवळ देणाऱ्याचा तिच्यावरील दावा सुटतो.

बायबलच्या मराठी भाषांतराचा इतिहास विल्यम केरी व वैजनाथ पंडित यांच्या सहकार्याने सिद्ध होऊन १८११ मध्ये श्रीरामपूर येथे छापल्या गेलेल्या नव्या कराराने सुरू होतो. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये आपले भाषांतर प्रसिद्ध केले. कोकणातही हे भाषाकार्य लवकर सुरू झाले होते. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक १८२३ पासून बाणकोट व हर्णै या बंदरांत येऊन राहिले, आणि त्यांच्यापैकी जॉन स्टीव्हन्सन यांनी पुढे १८३३ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. भाषांतरकारांपुढे प्रभूच्या प्रार्थनेतील क्षमेविषयीचे वाक्य आले तेव्हा मूळ ग्रीक शब्द त्यांना सोडणे या क्रियेकडेच नेत होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात तेथे पापाचा नव्हे तर ऋणाचा शब्द आहे, आणि क्रियापदाचा अर्थ जाऊ देणे, मोकळे करणे असा आहे. त्यावरून साधलेले ‘आफेसिस’ हे नाम कैद्याच्या सुटकेसाठी व कर्जाच्या मुक्ततेसाठीही वापरले जात असे. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या मुखी रुळलेल्या प्रार्थनेत ‘ऋण’ आणि ‘सोडणे’ हे दोन्ही शब्द आले आहेत.

महाराष्ट्रात कर्ज म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून त्यांचे रोखे व वह्या हस्तगत केल्या, आणि हे लोण पुणे व नगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरले. ठिकठिकाणी रोखे जाळले गेले. रोखा नाहीसा होण्याचे तीन मार्ग येथे एकमेकांपासून स्पष्टपणे निराळे दिसतात. ऋणकोने तो जाळला, तर पुरावा जातो, पण वैर राहते. सरकारने तो रद्द केला, तर ती माफी होते. धनकोने स्वतः तो वाचून, त्यातील रक्कम पाहून, आपला हक्क टाकून दिला, तरच त्याला ‘ऋण सोडणे’ म्हणता येते. या तिसऱ्या मार्गात कर्ज होते हे आधी मान्य करावे लागते. जे देणे नव्हतेच ते सोडता येत नाही. ज्याची आठवण उरली नाही तेही सोडता येत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराच्या दृष्टांतात राजा प्रथम हिशेब घ्यावयास बसतो आणि मग सूट देतो. हा क्रम अर्थपूर्ण आहे.

३. ‘स्मरण’ या शब्दाचा बायबलमधील अर्थ

प्रभुभोजनाच्या प्रसंगी येणारा ग्रीक शब्द ‘अनाम्नेसिस’ हा आहे. मराठीत त्यासाठी ‘स्मरण’ हा शब्द रूढ झाला. त्याच्या पाठीमागे हिब्रू ‘झाकर’ हा धातू आहे. या धातूचा अर्थ मनात एखादी प्रतिमा उमटणे एवढाच नाही. देवाने नोहाचे स्मरण केले, असे उत्पत्तीच्या पुस्तकात म्हटले आहे, आणि त्यानंतर लगेच पाणी ओसरू लागते. निर्गमाच्या पुस्तकात देवाला आपल्या कराराचे स्मरण होते आणि गुलामांच्या सुटकेचा आरंभ होतो. ज्याचे स्मरण करावयाचे त्याच्या बाबतीत काही करणे, त्याच्या बाजूने उभे राहणे, हा स्मरणाचा भाग आहे. मराठीतही ‘जाणीव ठेवणे’ या प्रयोगात थोडासा असाच अर्थ आहे. उपकाराची जाणीव ठेवणारा मनुष्य केवळ आठवत बसत नाही, तो प्रसंगी उपयोगी पडतो.

येथे एक आक्षेप घेता येण्यासारखा आहे. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात देव लोकांच्या पापांचे पुन्हा स्मरण करणार नाही असे म्हटले आहे. मग क्षमा म्हणजे विस्मरणच नव्हे काय? परंतु स्मरणाचा उपर्युक्त अर्थ ध्यानात घेतला म्हणजे हा आक्षेप उरत नाही. स्मरण म्हणजे त्या अनुषंगाने कृती करणे असेल, तर पापाचे स्मरण न करणे म्हणजे त्याच्या आधाराने दावा न चालविणे होय. ज्या ग्रंथात ही वचने आली आहेत त्याच ग्रंथाने दाविदाचा अपराध उरियाच्या नावासकट नोंदवून ठेवला आहे. दाविदाला क्षमा झाली, पण उरियाचे नाव पुसले गेले नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील प्रसंग या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांना भेटतो तो हातांवरील व कुशीतील जखमांसह. पळून गेलेल्या शिष्यांना तो शांतीचा आशीर्वाद देतो, पण व्रण लपवीत नाही. उलट थोमाची ओळख त्या व्रणांवरूनच पटते. क्षमा आणि खूण या दोन्ही गोष्टी तेथे एकाच देहावर आहेत.

४. करजगाव ते राहुरी

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी दापोली तालुक्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचा विवाह १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झाला. तीच पुढे लक्ष्मीबाई या नावाने प्रसिद्ध झाली. टिळक हे असाधारण प्रतिभेचे, पण तितकेच अस्थिर वृत्तीचे गृहस्थ होते. मनात येईल तेव्हा घर सोडावे, हाती असेल ते गरजूला देऊन टाकावे, आणि घरच्या माणसांना त्याची वार्ताही नसावी, हा त्यांचा क्रम होता. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनेचा आघात लक्ष्मीबाईंवर झाला. नवरा हयात, पण समाजाच्या दृष्टीने मेल्याहून मेलेला, अशी त्यांची अवस्था झाली. पदरी लहान मुलगा, हाती पैसा नाही, शिक्षण नाममात्र. त्या काळातील कायद्यात धर्मांतरितांसाठी वाट ठेवलेली होती. १८६६ च्या कायद्याप्रमाणे, धर्मांतराच्या कारणावरून पती वा पत्नी एकत्र राहावयास तयार नसेल तर विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. पण त्यामुळे लक्ष्मीबाईंचे हाल कमी झाले असे नव्हे. सुमारे पाच वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. त्या आधारात खरी माया होती, आणि नवऱ्याकडे जाऊ नये म्हणून केलेली पाळतही होती.

या पाच वर्षांतील दुःख कोणामुळे झाले, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. बहिष्काराची रीत समाजाची होती. न सांगता घेतलेला निर्णय पतीचा होता. ज्याच्या विवेकबुद्धीवर समाजाने अन्याय केला त्यानेच आपल्या पत्नीला विश्वासात न घेता दुसरा अन्याय केला, असे म्हणणे भाग आहे. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे गेल्या, काही काळ आपले सोवळे वेगळे सांभाळून राहिल्या, जातिभेदाविषयी स्वतः विचार करून स्वतःच्या निर्णयाला पोचल्या, आणि १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनी मुलासह बाप्तिस्मा घेतला. टिळक ९ मे १९१९ रोजी निवर्तले. लक्ष्मीबाईंचा मृत्यू २४ फेब्रुवारी १९३६ रोजी झाला, आणि १९३४ ते १९३६ या काळात त्यांची ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत प्रसिद्ध झाली.

५. ‘स्मृतिचित्रे’ : दावा नसलेली साक्ष

‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ मराठी आत्मचरित्रांत अग्रगण्य मानला जातो, आणि त्याच्या विनोदाची वाखाणणी सर्वांनी केली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे वेगळेच महत्त्व आहे. क्षमा आणि स्मरण यांची सांगड कशी पडते, याचा मराठीतील तो सर्वांत विस्तृत पुरावा आहे.

ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाई आपल्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, सोवळ्याची हकीगत सांगतात. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यातून नानांच्या मनात विटाळाची जी भीती बसली ती जन्मभर गेली नाही, आणि तिचा जाच घरातील बायकामुलांना भोगावा लागला. एका अन्यायाची आठवण येथे व्याधी बनली, आणि ज्यांचा तिच्याशी संबंध नव्हता त्या दुबळ्या माणसांकडून तिची वसुली होत राहिली. आठवणीचे हे रूप वंशपरंपरेने चालू शकते. लक्ष्मीबाईंनी स्वतःही बराच काळ ते सोवळे हट्टाने चालविले, आणि त्या हट्टाची थट्टा त्या स्वतःच करतात.

त्यांच्या कथनाची तीन वैशिष्ट्ये येथे नोंदविता येतील. पहिले म्हणजे त्या काही लपवीत नाहीत. सासऱ्यांचा कठोर स्वभाव, पतीचे अचानक निघून जाणे, घरात दाणा नसताना त्यांनी दुसऱ्याला केलेले दान, विरहाच्या वर्षांतील वेड्यासारखी अवस्था, हे सारे त्या सांगतात. पती थोर कवी व ख्रिस्ती समाजाला पूज्य असलेले पुरुष होते म्हणून त्यांच्या वागण्यावर पांघरूण घातलेले नाही. दुसरे म्हणजे त्या न्यायनिवाडा करीत बसत नाहीत. त्यांच्या गद्यात क्रियापदे पुष्कळ व दूषणात्मक विशेषणे अत्यल्प आहेत. कोण काय बोलले, कोणी काय केले हे त्या सांगतात. तो मनुष्य कसा होता हे वाचकाला आपोआप कळते. तिसरे म्हणजे त्यांच्या विनोदाची धार प्रथम स्वतःवर चालते. स्वतःला निर्दोष ठरवून इतरांचे दोष मोजणाऱ्याच्या कथनात जो कडवटपणा येतो तो येथे नाही.

मराठीत अन्यायाच्या आठवणीसाठी ‘डूख धरणे’ असा प्रयोग आहे. डूख धरणारा सापासारखा वाट पाहतो. त्याची आठवण वसुलीसाठी राखलेली असते. लक्ष्मीबाईंची आठवण अशी नाही. ज्यांच्यावर त्यांचा दावा चालला असता त्यांपैकी बहुतेक माणसे ग्रंथलेखनाच्या वेळी या जगात नव्हती, हे खरे. परंतु मृतांवर सूड उगविणारी आत्मचरित्रे साहित्यात कमी नाहीत. लक्ष्मीबाईंनी ऋणाचा आकडा पुसला नाही, आणि त्याची मागणीही केली नाही. हिशेब वाचकापुढे उघडा ठेवून त्यांनी त्यावरील आपल्या हक्कावर पाणी सोडले आहे. ज्याला ‘सोडणे’ म्हणतात ते हेच होय.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. ही क्षमा त्यांच्याकडून कोणी मागून घेतलेली नव्हती. बाप्तिस्म्यापूर्वीची पाच वर्षे व त्यानंतरची अनेक वर्षे यांतून ती हळूहळू सिद्ध झाली. विरहाच्या काळात ‘पतीला क्षमा कर’ असा उपदेश त्यांना कोणी केला असता, तर त्यातून निमूटपणा निर्माण झाला असता. हा ग्रंथ निर्माण झाला नसता.

६. आपला वाटा आणि दुसऱ्याचा वाटा

नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे म्हणत. तुकोबांच्या चरित्रातील एक सर्वश्रुत प्रसंग या ठिकाणी उपयोगी पडतो. घराण्याची सावकारी होती, आणि लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते घरात होती. परंपरा असे सांगते की तुकोबांनी ती खते इंद्रायणीत बुडविली. परंतु तत्पूर्वी धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना वेगळा काढून दिला, आणि फक्त आपल्या वाट्याची खते नदीत टाकली. कान्होबांच्या ऋणकोंना तुकोबांनी मुक्त केले नाही, कारण तो त्यांचा अधिकारच नव्हता.

क्षमेच्या मर्यादेचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण आहे. मनुष्य आपल्याला येणे असलेले ऋण सोडू शकतो. दुसऱ्याला येणे असलेले ऋण सोडण्याचा अधिकार त्याला नाही. ते ऋण तो फक्त स्मरणात ठेवू शकतो, आणि स्मरणाच्या पूर्ण अर्थाने त्या दुसऱ्याच्या बाजूने उभा राहू शकतो. क्षमा आणि स्मरण यांतील जो विरोध आरंभी दिसला तो येथे मावळतो. या दोहोंचे विषय बहुतांशी निराळे आहेत. स्वतःच्या बाबतीत क्षमा. इतरांच्या बाबतीत साक्ष.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दुसऱ्या अंगाचे उदाहरण होय. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण अन्नान्न दशेत मरण पावली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. पुण्यातील वृत्तपत्रांतून त्यांच्यावर कठोर टीका झाली. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार त्यातून झाला. वीस वर्षांपूर्वीच्या उपासमारीचे स्मरण त्यांच्या बाबतीत ‘झाकर’ या धातूच्या अर्थाने घडले. ते कृतीच्या रूपाने प्रकट झाले. बालविधवांच्या हालांविषयी त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजीतून जे पुस्तक लिहिले त्यात त्यांनी कोणाला क्षमाही केली नाही व कोणावर सूडही उगविला नाही. ती इतरांच्या वतीने दिलेली साक्ष होती. हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी १९२२ मध्ये, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी, पुरे केले. म्हणजे ऋण, सोडणे व स्मरण या शब्दांशी त्यांचा संबंध अखेरच्या दिवसांपर्यंत होता.

हीच कसोटी मराठी ख्रिस्ती समाजाने स्वतःलाही लावून पाहणे प्राप्त आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत फार मोठा भाग महार व मांग जातींतून आलेल्या लोकांचा आहे. त्यांच्या पूर्वजांवर शतकानुशतके जो अन्याय झाला तो बाप्तिस्म्याने पुसला जात नाही. मंडळीत आल्यावरही जातीची आठवण करून देणारी वागणूक काही ठिकाणी चालू राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या हिंदू धर्मीयांपुरती सीमित केली. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा तीत समावेश झाला. ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. या परिस्थितीत उच्चवर्णीय घराण्यातून आलेला ख्रिस्ती ‘आता ख्रिस्तात सर्व एक झाले, जुने उगाळू नये’ असे म्हणतो, तेव्हा तो कान्होबांच्या वाट्याची खते नदीत बुडवीत असतो. त्याच्या शब्दांत क्षमेचा आव असतो, पण सोडलेले ऋण त्याचे नसते.

७. क्षमा आणि न्याय

एक प्रश्न शिल्लक राहतो. आपले ऋण सोडल्यावर न्यायाची मागणी करता येते काय? मराठी प्रदेशाबाहेरील, परंतु अलीकडच्या भारतीय ख्रिस्ती जीवनातील एक प्रसंग येथे पाहता येईल. ओडिशातील मनोहरपूर येथे २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री, कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स व त्यांचे दोन लहान मुलगे यांना मोटारीत जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना आपण क्षमा केल्याचे जाहीर केले. तथापि क्षमा आणि गुन्ह्याचे कायद्याने होणारे परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची भूमिका राहिली. खटला चालला, मुख्य आरोपीला २००३ मध्ये देहान्ताची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ग्लॅडिस स्टेन्स बारीपदा येथील कुष्ठरोग्यांच्या कार्यात पुढेही काही वर्षे राहिल्या.

यात विसंगती काढणारे काढतात. परंतु ‘सोडणे’ आणि ‘माफ करणे’ यांतील भेद ध्यानात घेतला तर विसंगती राहत नाही. शिक्षा माफ करणे हा राज्यसत्तेचा अधिकार होय. तो विधवेचा नाही. तिच्या हाती होते ते तिचे स्वतःचे ऋण, आणि ते तिने सोडले. ज्या मुलांचे आयुष्य हिरावून घेतले गेले त्यांच्या वाट्याचे ऋण सोडण्याचा अधिकार तिनेही सांगितला नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या व आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या आयोगाच्या नावात सत्य हा शब्द समेटाच्या आधी ठेवला गेला, यातही हाच विवेक दिसतो. अपराध्याला तेथे सूट हवी असल्यास आधी केलेल्या कृत्यांचे संपूर्ण कथन करावे लागत असे. तो क्रम दृष्टांतातील राजाच्या हिशेबासारखाच आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की मराठी ख्रिस्ती परंपरेने प्रार्थनेसाठी ‘ऋण सोडणे’ हा जो शब्दप्रयोग स्वीकारला, तो ‘क्षमा’ व ‘माफी’ या दोहोंपेक्षा काही अधिक सांगतो. ‘क्षमा’ या शब्दात सोसण्याची, तर ‘माफी’ या शब्दात पुसण्याची कल्पना प्रधान आहे. ‘सोडणे’ या शब्दात मात्र ऋणाची पूर्ण ओळख व हक्काचा स्वेच्छेने केलेला त्याग या दोन्ही गोष्टी गृहीत आहेत. म्हणून विस्मरण हे क्षमेचे साधन नाही, आणि तिची खूणही नाही. ज्याला आठवते तोच सोडू शकतो. आणि जे आपले नाही ते सोडण्याचा आव न आणता स्मरणात ठेवणे, हेही तितकेच धर्माचे काम आहे.

‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ विनोदी व हृद्य गद्याचा नमुना म्हणून अभ्यासला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि त्याच्या लेखिकेने जे आयुष्य काढले त्याचा विचार करता, त्या गद्याची प्रसन्नता ही केवळ शैलीची गोष्ट मानता येणार नाही. दुःखाचा एकही आकडा न खोडता त्यावरील आपला दावा सोडून देणाऱ्या माणसाची ती भाषा आहे. अन्याय सोसलेल्या कोणालाही ‘विसरून जा’ असे सांगण्यापूर्वी, तसे सांगणाराने हा ग्रंथ या दृष्टीने एकदा वाचून पाहावा, एवढे सुचवून हे विवेचन पुरे करणे योग्य होईल.